नळी, फुगा आणि स्टॉपचं बटण

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला की कोकणात कलमांच्या बागांची बेणणी सुरू होते. गवत कमरेच्या वर गेलेलं असतं. पूर्वी या कामाला विळे-कोयते घेऊन दहा-बारा माणसं लागायची. आता दोघं जण खांद्याला पट्टा अडकवून ग्रास कटर चालवतात आणि चार-सहा दिवसांत बाग मोकळी करतात. म्हणूनच या दिवसांत यंत्र अडलं की सगळंच अडतं. मजुरी चालू, गवत उभं आणि अंगणात एक माणूस घामाघूम होऊन दोरी ओढतोय.

आमच्या बागेतली यंत्रं गेली काही वर्षं मी स्वतःच उघडतो. वाडीतलीही चार-दोन येतात. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो, या यंत्रात लोखंड क्वचित मरतं. मरतं ते रबर. रबराच्या खालोखाल मरतो तो अंगठ्याखालचा लहानसा स्टॉप स्विच. या दोन वस्तूंबद्दल इतके गैरसमज आहेत की त्यापायी चांगली इंजिनं भंगारात जातात आणि, त्याहून वाईट म्हणजे, माणसं रोज धोका घेऊन काम करतात.

“इंजिन बसलं, आता नवंच घ्या.”

असं कोणी म्हणालं की आधी दोरी हळूहळू ओढून बघावी. दर फेऱ्याला एका जागी दोरी अडल्यासारखी वाटली, जोर लावल्यावर सुटली, तर आत दाब तयार होतोय. विहिरीतून रिकामा पोहरा ओढावा तशी ती सरळ येत गेली तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. तेव्हाही निकाल लगेच देऊ नये. टू-स्ट्रोक यंत्राचा सायलेन्सर बहुतेक वेळा दोन बोल्टांवर असतो. इंजिन थंड असताना तो काढला की समोरच्या खिडकीतून पिस्टनची कड दिसते. बॅटरी मारून पाहा. बाजू गुळगुळीत असेल तर इंजिन जिवंत आहे. उभे ओरखडे, ओढलेल्या रेघा दिसल्या तर पिस्टन खरंच घासलाय.

पिस्टन घासला असेल, तरी तो का घासला हे विचारल्याशिवाय नवं यंत्र आणू नका. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं. म्हणजे एखाद्या चिरलेल्या नळीने पिस्टन मारलेला असू शकतो.

“पेट्रोल गळत नाही, म्हणजे नळी चांगली आहे.”

सगळ्यात जास्त फसवणारा समज हाच. टाकी कार्बोरेटरच्या खाली असते, पेट्रोल वर ओढून घ्यावं लागतं. यंत्र चालू असताना त्या नळीत दाब नसतो, ओढ असते. नळीला बारीक चीर गेली तर तिथून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर थेंब पडत नाही, वासही येत नाही. इंजिनाला पेट्रोलऐवजी बुडबुडे मिळतात, एवढंच. मग यंत्र पाच मिनिटं चालतं, तिरकं धरलं की अडखळतं, रेस वाढवली की गप्प होतं.

मागल्या हंगामात शेजाऱ्यांचं यंत्र माझ्याकडे आलं तेव्हा नळी बाहेरून नवी दिसत होती. टाकीत जिथे ती शिरते त्या भोकापाशी चिमटीत धरून वाकवली आणि ती तिथेच काडीसारखी मोडली. टाकीच्या आत गेलेला तुकडा तांबूस आणि कडक झाला होता, फिल्टर तळाशी सुटा पडला होता. दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा दुखावला होता आणि प्लग दोनदा बदलून झाला होता.

म्हणून नळी डोळ्यांनी तपासू नका, वाकवून तपासा. टाकीच्या भोकापाशी, कार्बोरेटरच्या तोंडापाशी आणि फिल्टरच्या मानेपाशी, या तीन जागी ती आधी चिरते. नवी घालताना टोक तिरकं कापावं, लेखणीच्या टोकासारखं. त्यावर टू-स्ट्रोक तेलाचा थेंब लावून ते भोकातून आत ढकलावं, टाकीच्या तोंडातून पकडीने ओढून घ्यावं आणि मग तिरका भाग कापून फिल्टर बसवावा. पुष्कळ यंत्रांत भोक नळीपेक्षा किंचित लहान असतं, कारण तिथे नळी स्वतःच बुचाचं काम करते. सहज आत गेली तर ती बारीक पडतेय असं समजा. काही यंत्रांत भोकात रबरी ग्रोमेट असतो. तिथे ग्रोमेटही नळीबरोबरच बदलावा. लांबी एवढी हवी की यंत्र कुठल्याही अंगाला कललं तरी फिल्टर टाकीच्या तळाशी घरंगळत जाईल.

“सलाईनची नळी लावली तरी भागतं.”

भागतं, आठ-पंधरा दिवस. ती नळी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ पेट्रोल हळूहळू धुऊन काढतं. नळी आखडते, कडक होते आणि तोंडावरून निसटते. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी निसटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मत्स्यालयाची पारदर्शक नळी आणि प्लंबरकडची लेव्हल ट्यूब यांचीही गत तीच. पेट्रोलसाठी बनवलेली नळी मागा आणि दुकानात जाताना जुनीचा तुकडा बरोबर न्या. आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास जुळायला हवेत.

“सगळा दोष इथेनॉलचा.” आणि “इथेनॉलने काही होत नाही.”

दोन्ही बाजूंनी आवेशाने बोललं जातं, म्हणून इथे थोडं थांबतो. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभरच्या पंपांवर नेहमीचंच झालं. लहान इंजिनांच्या कित्येक माहितीपुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्के छापलेली आहे. जुन्या रबराच्या काही जाती इथेनॉलमध्ये फुगतात, नंतर वाळल्या की तडकतात. त्यात इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. ठरावीक मापाच्या जेटवर चालणाऱ्या इंजिनाला हे मिश्रण जरा कोरडं पडतं.

खरा धोका मात्र पाण्याचा आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. आपल्या किनारपट्टीच्या हवेत अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर पडवीत राहिली की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. फिल्टर नेमका तळाशीच असतो. या खालच्या थरात टू-स्ट्रोकचं तेल विरघळत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. म्हणजे पहिल्याच दिवशी दोरी ओढली की इंजिनाला मिळतं ते बिनतेलाचं पाणचट मिश्रण. काचेच्या बाटलीत ते पेट्रोल ओतून थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते यंत्रात घालू नका आणि परसातही ओतू नका.

पण इथेनॉल नव्हतं तेव्हाही नळ्या तडकत होत्या, जुनं पेट्रोल चिकट होऊन जेट बुजवत होतं. इथेनॉलने जुन्या रबराचं आयुष्य आणखी कमी केलं, असं म्हणणं रास्त आहे. उपाय दोन्हीकडे एकच: हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, यंत्र चालू करून आपोआप मरेपर्यंत चालवायचं आणि मगच ठेवायचं. पेट्रोल महिन्याभरात संपेल इतकंच आणायचं. “टाकी भरून ठेवली की गंजत नाही” हा मोटारसायकलच्या लोखंडी टाकीचा जुना सल्ला आहे. ग्रास कटरची टाकी प्लास्टिकची असते, तिला गंजायचं काय!

“फुगा जास्त दाबला तर पेट्रोल उतू जातं.”

कार्बोरेटरखालचा तो पारदर्शक रबरी फुगा, म्हणजे प्रायमर. ग्रास कटरवर बहुधा जो प्रकार असतो तो इंजिनात पेट्रोल सोडतच नाही. तो टाकीतलं पेट्रोल नळीतून आणि कार्बोरेटरमधून ओढून दुसऱ्या नळीने परत टाकीत पाठवतो. वाटेतली हवा काढून टाकणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे पाच वेळा दाबायचा तिथे दहा वेळा दाबला तरी बिघडत नाही. उतू जातं ते चोक लावून पुन्हा पुन्हा दोरी ओढल्याने. हिरवळीवर ढकलत न्यायच्या काही लॉन मोअरवर मात्र प्रायमरचं बटण खरोखर पेट्रोल इंजिनाकडे ढकलतं. तिथे पुस्तिकेतला आकडा पाळलाच पाहिजे. एका यंत्राचा नियम दुसऱ्याला लावल्याने हा घोळ झालेला आहे.

फुगा दाबून सोडल्यावर तो कसा वागतो, यावरून बरंच कळतं. लगेच फुगून वर आला आणि पेट्रोलने भरला, तर सगळं ठीक. वर आला पण आत नुसते बुडबुडे, तर नळीत चीर किंवा टाकीत फिल्टर उघडा पडलाय. चपटाच राहिला, तर टाकीकडून येणारी वाट बंद आहे, बहुतेक फिल्टर तुंबलाय. फुग्यालाच तडा गेला असेल तर बोटाला पेट्रोल लागतं. नवा फुगा एका माणसाच्या थाळीच्या पैशात येतो. तो बदलताना दोन नळ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. फिल्टरची नळी कार्बोरेटरला, फुग्यातून निघणारी टाकीला. उलट लागल्या तर दिवसभर दाबलं तरी पेट्रोल चढत नाही. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला की वाद मिटतो.

“चोकवर चालतंय ना, मग झालं!”

हा समज इंजिनाच्या जिवावर उठतो. चोक अर्धा ओढल्याशिवाय यंत्र चालत नाही, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय आणि हवा अडवून आपण जेमतेम मेळ घालतोय. मुळात पेट्रोल कमी का पडतंय? नळी, फिल्टर, टाकीच्या झाकणाची हवेची वाट हे सगळं नीट असेल तर दोष बहुधा डायफ्रामचा.

ग्रास कटर डोंगरउतारावर कसाही धरला जातो, म्हणून मोटारसायकलसारखा तरंगता फ्लोट त्यात चालत नाही. त्याऐवजी कार्बोरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. एक पडदा क्रँककेसच्या धडधडीवर हलतो आणि पंपासारखा पेट्रोल ओढतो. दुसऱ्याच्या एका अंगाला बाहेरची हवा, दुसऱ्या अंगाला पेट्रोल. इंजिनाने पेट्रोल ओढलं की हा पडदा आत झुकतो, एक इवलीशी दांडी दाबतो, त्या दांडीने सुई उघडते आणि हवं तेवढंच पेट्रोल आत येतं. श्वासाइतकी नाजूक हालचाल आहे ही. पडदा कडक झाला की झुकत नाही, सुई पुरती उघडत नाही आणि इंजिन उपाशी राहतं.

जुना डायफ्राम काढून कानाजवळ नेऊन चिमटीत दुमडा. वाळलेल्या पिंपळपानासारखा कडकडला तर तो गेलाय. नवा मुका असतो, सायीसारखा मऊ. कार्बोरेटरवर वॉलब्रो किंवा झामा असं काही नाव आणि नंबर कोरलेला असतो. तो दाखवला की डायफ्राम आणि गॅस्केटचं किट मिळतं. बसवताना क्रम चुकवू नका. दांडीच्या बाजूला बहुतेक कार्बोरेटरमध्ये आधी गॅस्केट, त्यावर डायफ्राम, मग झाकण. हे उलट झालं तर पडदा आणि दांडी यांच्यातलं अंतर बदलतं आणि नवं किट घालूनही यंत्र जुन्यासारखंच वागतं.

जेटचं भोक साफ करायला दाभण, तार, सुई घालू नका. ते भोक केसाच्या मापाचं, एकदा मोठं झालं की झालं. आणि दोष शोधण्याआधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवत सुटू नका. चिरलेल्या नळीवर स्क्रूने जमवलेला मेळ नळी बदलताच बिघडतो.

टाकीच्या झाकणाचंही जाता जाता सांगतो. यंत्र दहा मिनिटं छान चालून मरतं, झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि परत चालू होतं, तर हवेची बारीक वाट तुंबली आहे. एवढ्यावरून लोक कार्बोरेटर बदलून बसतात.

“तेल थोडं जास्तच घालावं.”

२५ ला १ असं प्रमाण असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली, ५० ला १ असेल तर २० मिली. पुस्तिका सांगेल तेच. जास्त तेल म्हणजे तितकं पेट्रोल कमी. मिश्रण उलट कोरडं होतं, सायलेन्सरची जाळी काजळीने बुजते. फोर-स्ट्रोक ग्रास कटरच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळायचंच नाही, त्याचं तेल वेगळं असतं.

“ठिणगी नाही, म्हणजे कॉइल गेली.”

आता स्विच. इथे घरच्या विजेची सवय आपल्याला चुकवते. घरात बटण चालू केलं की जोड लागतो आणि दिवा पेटतो, बंद केलं की जोड तुटतो. ग्रास कटरमध्ये याच्या बरोबर उलट आहे. यात बॅटरी नसते. फिरत्या चक्रातलं चुंबक कॉइलजवळून गेलं की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी मिळते. हे आपोआप चालतं, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नसते. स्टॉप दाबला की कॉइलची वायर इंजिनाच्या बॉडीला टेकते, वीज तिथेच जिरते आणि ठिणगी थांबते. म्हणजे जोड लागला की इंजिन बंद, जोड तुटला की चालू.

एवढं मनात पक्कं बसलं की दोन कोडी सुटतात. वायरचं आवरण कुठे घासून तांब्याची तार दांड्याला टेकली, तर स्विच कुठेही असो, ठिणगी येणार नाही. आणि वायर कुठे तुटली, तर स्विच कितीही दाबा, इंजिन थांबणार नाही.

मी स्वतः एकदा कॉइल विकत आणली आहे. दुकानात “कॉइलच असणार” असं सांगितलं आणि मी ऐकलं. नवी घालूनही ठिणगी नाही. मग मूठ उघडली. दांड्याला मूठ धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली वायर दबून तिचं काळं आवरण चपटं झालं होतं आणि तांब्याचे दोन केस बाहेर आले होते. त्यानंतर मी कधीही कॉइलपासून सुरुवात केलेली नाही. आधी कॉइलपाशी स्विचची वायर सोडवायची. प्लग काढून टोपीत घालायचा, त्याचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवायचं आणि दोरी ओढायची. हे करताना सांडलेलं पेट्रोल, उघडी टाकी जवळ नको, आणि प्लगला हात लावायचा नाही. वायर सोडवल्यावर ठिणगी आली तर कॉइल ठणठणीत आहे, दोष स्विचचा किंवा वायरचा. मात्र सोडवलेल्या वायरवर यंत्र चालवत बसू नका, ते थांबवायला काही उरलेलं नसतं.

स्विच मीटरवर तपासतानाही ती वायर सोडवलेलीच हवी. नाहीतर मीटरला कॉइलमधूनच वाट मिळू शकते आणि चांगला स्विचही अडकलेला वाटतो. स्टॉपवर मीटर वाजला पाहिजे, चालूवर गप्प राहिला पाहिजे. कॉइल तपासायला मोटारीची बॅटरी त्या वायरला कधीही लावू नका. बरी कॉइलही जळते.

“स्विच बिघडला तर चोकने बंद करता येतं.”

येतं. चोक पूर्ण ओढला की पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरतं आणि मरतं. अडचणीच्या वेळी हे ठाऊक असावं. पण त्याला दोन-चार सेकंद लागतात, हात मुठीवरून काढून इंजिनाकडे न्यावा लागतो, आणि पात्यात कुंपणाची तार गुंतलेली असेल तर तेवढा वेळ फार असतो. अमेरिकेत ढकलत्या मोअरसाठी १९८२ पासून नियम आहे: मूठ सुटली की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. त्यासाठी मुठीवर दिलेली दांडी तारेने कायमची बांधून टाकणारे लोक आपल्याकडच्या सोसायट्यांच्या बागांतही दिसतात. पाहिली की ती तार सोडवायला लावा.

थांबण्याची खात्री नसलेल्या यंत्राचा खरा त्रास वेगळाच आहे. पात्याला वेलींचा गुंडा बसतो, दर पंधरा मिनिटांनी तो काढावा लागतो. बंद करून परत दोरी ओढणं जिवावर येतं, मग चालवणारा माणूस इंजिन मंद ठेवून तसाच हात घालतो. क्लचची स्प्रिंग ढिली पडलेली असेल तर मंद रेसवरही पातं फिरतं. बाग आपली असते आणि हात त्याचा असतो. त्याला यंत्र देण्याआधी स्विच चालतो की नाही हे पाहणं मालकाचं काम आहे.

नवा स्विच घेताना जुना घेऊन जा. काही स्विच दाबून सोडले की आपोआप परततात, काही दाबल्या जागी राहतात. एका जातीच्या जागी दुसरी बसली की पुढल्या वेळी ठिणगी का नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात. दिव्याचं बटण बसवलेलीही यंत्रं मी पाहिली आहेत. त्यात ‘चालू’ लिहिलेल्या बाजूला केलं की इंजिन बंद पडतं. रोजच्या माणसाला ते पाठ असतं, पण संकटाच्या क्षणी दुसऱ्या कुणाचा अंगठा नेमका उलटीकडे जातो.

आणि कित्येकदा स्विच बदलायचाही नसतो. त्याच्या दोन वायरींपैकी एक कॉइलला जाते, दुसरी इंजिनाच्या बॉडीवर एका स्क्रूखाली दाबलेली असते. आपल्या खाऱ्या हवेत त्या स्क्रूखाली गंजाचा थर येतो आणि जोड लागेनासा होतो. स्क्रू काढा, वायरचं टोक आणि त्याखालची जागा पॉलिश कागदाने चकचकीत होईपर्यंत घासा, परत आवळा. मग यंत्र अंगणात मोकळ्या जागी, पातं जमिनीपासून वर धरून चालू करा आणि पट्टा खांद्याला लावण्याआधी तीनदा स्टॉप दाबून बघा. तिन्ही वेळा थांबलं, तरच बागेत पाठवा.